टिंब

महापे, रात्री पावणेदोन.
सर्व्हर रूममध्ये अठरा अंश,
बाहेर टपरीवर भजी तळणारा बनियनवर.
मी म्हणालो, मेल सर्व्हर बसवून झाला, सुरू करू?
तांडेल मॅडमनी शालीतून फक्त बोट बाहेर काढलं.
"आधी बंदर उघडं आहे का बघ."

पंचवीस नंबरचं पोर्ट. त्या पोर्टला बंदरच म्हणतात,
दिवाळ्याच्या जेट्टीवर वाढलेली बाई.
बाहेरून कुणी येऊन लागेल का,
आतून कुणी निघेल का,
हे दोन निराळे प्रश्न, मला एकच वाटलेला.
येणारे येत होते. निघणारी होडी गाळात.
इंटरनेट देणाऱ्यानेच बाहेरची वाट बुजवलेली,
कुठल्या करारात, कितव्या पानावर, कुणास ठाऊक.
एक फोन, दोन अर्ज, तीन दिवस.

चौथ्या रात्री:
"नावावरून पत्ता निघतो?"
निघतो.
"पत्त्यावरून नाव?"
मी गप्प.
"समोरचा सर्व्हर दारातच विचारतो हे.
तू तोंडाने सांगतोस ते नाव
आणि तुझ्या पत्त्यावर नोंदलेलं नाव एकच का?
नसेल तर पत्र हातातसुद्धा घेत नाही."

पंख्यांचा आवाज. मग मॉनिटरकडे बघतच,
"आमच्या घराचं तसंच झालेलं.
सेक्टर पडले, नकाशे आले,
गावठाणाच्या कडेचं घर कुठल्याच प्लॉटात बसेना.
गावात विचारा, हसुराम तांडेल कुठे राहतो,
शेंबडं पोर हात धरून आणून सोडेल.
ऑफिसात नंबर सांगा, विचारा, इथे कोण राहतं?
रजिस्टर म्हणायचं, कोणी नाही.
भाऊ दम्मामला. त्याची पत्रं शिक्का खाऊन परत जायची:
पत्ता अपूर्ण."

पुढे त्या विषयावर बोलल्या नाहीत.
माझी झोन फाइल उघडली.
दहा आणि वीस, दोन सर्व्हर,
लहान आकड्याला मोठा मान, एवढं मला येत होतं.
"वीसवाल्याला आपल्या माणसांची यादी दिलीस?
नाही दिलीस तर दहा झोपला की
हा जगाचा कचरा सांभाळत बसेल."
नाही दिली होती.
जुना पत्ता जगाच्या डोक्यात किती तास राहतो,
ते आदल्या दिवशीच कमी करायचं असतं.
नव्हतं केलं.
आणि नावाच्या शेवटी टिंब नव्हतं,
म्हणून कंपनीचं नाव दोनदा लागलेलं,
आडनावापुढे पुन्हा आडनाव लावावं तसं.
"एवढ्याशा टिंबावर, बाबा,
मी एकदा अख्खी पतपेढी दोन दिवस मुकी केली होती."

मग म्हणाल्या, आता हाताने बोलून बघ त्याच्याशी.
काळा पडदा. दोनशे वीस: तो जागा आहे.
मी नाव सांगितलं. दोनशे पन्नास: नाव पटलं.
पाठवणारा कोण, सांगितलं.
घेणारा कोण?
त्यांनी एक पत्ता लिहायला लावला, तांडेलच आडनावाचा.
चारशे एक्कावन्न.
"नाही म्हणाला?" मी.
"पाचने सुरू झालं तर नाही.
चारने म्हणजे, ओळख नाही, जरा वेळाने या.
जा, चहा आण."

टपरीवाल्याने कढई उतरवलेली होती.
दोन कटिंग घेऊन आलो, अर्धा सांडून.
पुन्हा नाव, पुन्हा पाठवणारा, पुन्हा घेणारा.
या वेळी दोनशे पन्नास.
मग तीनशे चौपन्न: बोला,
आणि संपलं की एका ओळीत एकटं टिंब द्या.

काय लिहू, विचारलं, तोवर
त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला होता.
शाल खांद्यावरून घसरली, तशीच राहू दिली.
दादूस, पत्ता लिहून घे.
खाली घर नंबर, सेक्टर, पिन कोड,
एकेक आकडा हळू, बोटाने तपासून.
एंटर.
थोडा वेळ तसंच.

.