सेहेचाळीस डोकी

सकाळी मोजायची सेहेचाळीस, संध्याकाळी सेहेचाळीस.
माझं काम एवढंच.
मधल्या आठ तासांत कोण कुठल्या पाळण्यात ओरडलं,
कोण खाली उतरून कुंडीत ओकलं,
त्याचा हिशेब ड्रायव्हरकडे नसतो.

सव्वीस वर्षं बस उतरवतोय मी खोऱ्यातून बॅरीला.
तेव्हा खाणकामगारांच्या क्लबाची सहल असायची.
खाण गेली. क्लबावर पत्रे ठोकले. सहल उरली.
शेवटच्या वळणावर समुद्र आधी कोणाला दिसतो
यावर पन्नास पेन्सची पैज लागते, अजून.
दरवर्षी इडवल जिंकतो,
कारण इडवल वळणाच्या आधीच ओरडतो.

आज समुद्र नव्हताच.
म्हणजे होता, पण ओहोटीला लागून
पार क्षितिजाच्या पायाशी जाऊन बसलेला,
आणि अलीकडे मैलभर चहाच्या रंगाचा चिखल,
त्यात कोणाची तरी लाल बादली, उपडी.
"गेल्या वर्षीही असाच पळाला," डेलिथ म्हणाली,
जणू त्यानं क्लबाची वर्गणी बुडवली होती.

पोरं दारातून सांडली. म्हातारे उतरले,
एकेक पायरी तपासून, जणू ती काल इथे नव्हती.

मी पार्किंगमध्येच थांबतो.
आरसे पुसतो, सीटखालची च्युइंगम खरवडतो,
व्हिनेगरनं ओले चिप्स कागदातून खातो
एक डोळा सीगलवर ठेवून.
इथले पक्षी भीक मागत नाहीत, वसुली करतात.
वाऱ्यावर आवाज येतात पलीकडून:
आधी किंकाळी, मग हसू.
कधी नुसतीच किंकाळी,
तिचं हसू वाऱ्यानं भलतीकडेच नेलेलं.

दोनच्या सुमारास काचेवर नाण्यानं टकटक.
मिसेस प्रॉसर. हातात मोठ्या चक्राची दोन तिकिटं.
"एकटीला बसू देत नाही तो पोरगा.
म्हणतो, पाळणा कलतो. तुझं वजन किती?"
मी सांगितलं.
"चालेल," म्हणाल्या.

मी म्हणालो, मला उंचीची भीती वाटते.
सव्वीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.
"म्हणून तर तुला विचारलं," त्या म्हणाल्या,
"न घाबरणारे वर गेले की फार बोलतात."

लोखंडी दांडा मांडीवर पडला, पोरानं तो दोनदा हलवून पाहिला,
आणि जमीन सुटली.
मी डोळे मिटले. गंजाचा वास, तळलेल्या साखरेचा वास,
हातात थंड लोखंड.
"मिटून ठेव," त्या म्हणाल्या, "मी सांगते.
भरती आलीय. पाणी अगदी भिंतीपर्यंत.
निळं आहे रे, पोस्टकार्डासारखं.
एक जहाज चाललंय, पांढरं. डेकवर बाई उभी आहे,
टोपी सांभाळत."

टोपीवर मला शंका आली.
डोळे उघडले, तर चिखल. तोच. वरून आणखी मोठा.
लाल बादली. आणि काड्यापेटीएवढी माझी बस,
तिचं दार सताड उघडं.

मिसेस प्रॉसर समोर बघत होत्या.
"आल्विनलाही मी हेच सांगायची, दरवर्षी.
तोही असाच मध्येच डोळे उघडायचा."
"मग?"
"मग पुन्हा मिटायचा."

चक्र वर थांबलं होतं, खाली कोणीतरी चढत होतं.
पाळणा जरासा कलला, माझ्याच बाजूला.
मी डोळे मिटले.
विचारलं, टोपी कुठल्या रंगाची आहे?

परत आलो तर बसमध्ये सीगल. माझ्या सीटवर.
चिप्सचा कागद चाटून पुसून स्वच्छ.

सात वाजता मोजले: पंचेचाळीस.
पुन्हा मोजले. पंचेचाळीस.
भिंतीपाशी त्या उभ्या होत्या, पाठमोऱ्या,
आणि पाणी आलं होतं. खरंच, भिंतीपर्यंत,
मातकट, फेसाळ, कोणाची तरी लाल बादली घेऊन.
हॉर्नवर हात ठेवून बसलो. वाजवला नाही.
मागे कुणी कुरकुरलं, एक पोर झोपलं,
कुणीतरी दुसऱ्याचा बूट शोधत होतं.

"समुद्र!" मागच्या सीटवरून इडवल ओरडला.
"सगळ्यात आधी मला दिसला. काढा पन्नास पेन्स."