खडूची फुली

परळच्या तालमीच्या हॉलमध्ये पंखा एकच,
तोही पेटीकडे तोंड करून.
मी लादीवर खडूने फुली मारते:
इथे तुम्ही, आजगावकर.

कथ्थकच्या बाई पाठीवर बोटांनी तोडे वाजवायच्या,
चुकलं की नखाने.
मग गोरेगावच्या सेटवर चौथी रांग, डावीकडून सहावी,
फाइव्ह सिक्स सेव्हन एट, आणि हसायचं.
चेहरा कधी आलाच नाही पडद्यावर. आई थिएटरात
माझं कोपर शोधायची.

गुडघा गेला तेव्हा पेटीवाल्या रेवडेकरांनी
शेजारी बसवलं: पायांनी फार ऐकलंस,
आता गप्प बसून ऐक.
वर्षभर नुसती त्यांची पानं उलटली.

आजगावकर एकाहत्तरचे. आवाज अजून पितळी, पाय लाकडी.
निर्माता म्हणतो, काहीतरी बसवा, लोक तिकीट काढून येतात.
रात्रभर मोजत राहिले. सोळांतल्या चौदाव्या मात्रेला
ते श्वास घेतात,
डावा खांदा जरासा उचलला जातो.

तेवढाच ठेवला.
बारा पोरी थांबतात, तो खांदा वर येतो,
समेवर कुणीच हलत नाही.

नाच कुठाय, निर्माता विचारतो.
आजगावकर विचारतात, अहो बाई,
चहा येईपर्यंत फुलीवरच राहू का?