शेरा

तीस वर्षं मी इंदूरच्या निगमात
लोकांच्या घरांचे नकाशे परत पाठवले.
जिना अरुंद. न्हाणीला खिडकी नाही.
गल्लीत दीड फूट पुढे आलात, मागे व्हा.
म्हणून टोकेकर सतरा वह्या घेऊन आले,
म्हणाले, 'तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस
अख्ख्या रामबागेत नाही,'
तेव्हाच कळलं, मंडळात दुसरं कुणी तयार झालेलं नाही.

स्पर्धेचं नाव 'माझं मी लिहिलेलं'.
विनोद तीस, मांडणी तीस, आशय चाळीस.
तक्ता त्यांनीच आखून आणला होता, रेघा तिरक्या.
आधी त्या खोडून पुन्हा आखल्या.

पहिली वही : सोनेरी वेलबुट्टी, पानोपानी मोर.
मोरांच्या मधून मजकूर अंग चोरून चाललेला,
श्रीमंताच्या लग्नात आलेल्या मामेभावासारखा.
मांडणी अठ्ठावीस.
आशय शोधतोय.

चौथी सुदामानगरच्या बिडवईंची.
त्यांची कवळी उज्जैनच्या बसमध्ये राहिली
आणि तिसऱ्या दिवशी कंडक्टरनं घरी आणून दिली,
रुमालात, धुऊन.
'त्यानं घालून पाहिली असेल का,
हा विचार काही केल्या जात नाही.
तेव्हापासून माझं हिंदी मात्र सुधारलंय.'
रात्री साडेअकराला मी एकटाच एवढा हसलो
की दुबेबाईंनी पलीकडून भिंत वाजवली.
विनोद तीस.
पानाला शेवेचं तेल लागून पुढचं पान आरपार दिसतं,
त्याला मांडणी म्हणावं का,
हे टोकेकरांना विचारायचं राहिलं.

सातवी एका मुलीची.
'मी रडून नाही राहिले, कांदा चिरून राहिले.'
पुण्याचा परीक्षक असता तर लाल शाई संपली असती.
मी पेन उघडलं
आणि टोपण परत लावलं.
आई मला ह्याच भाषेत रागवायची.

अकरावी उघडली आणि फोन केला :
'ही चुकून आलीय हो. हा दुधाचा हिशोब आहे.'
'चुकून नाही. बाई स्वतः देऊन गेल्या.
पन्नास रुपये प्रवेश फीसुद्धा भरली.'

मग वाचायला बसलो.
एक लिटर. एक लिटर. एक लिटर.
रविवारी दीड : 'ह्यांचे पत्तेवाले, खीर.'
एक लिटर : 'नासलं. पनीर केलं. कौतुक झालं.'
मार्चात ओळीनं अकरा दिवस शून्य,
समोर एम. वाय.चा वॉर्ड नंबर.
मग अर्धा.
अर्धा. अर्धा. अर्धा.
एप्रिलमध्ये एके ठिकाणी बारीक अक्षरात :
'दूधवाला विचारतो, चहा सोडला का.
हो म्हटलं. सकाळी सकाळी त्याला कशाला.'

विनोदाच्या रकान्यावर पेन्सिल टेकली, उचलली.
मांडणीला नाव ठेवायला जागा नव्हती.
समास नेमका, आकडे एकाखाली एक,
एकही शब्द गल्लीत पुढे आलेला नाही.
सवयीनं 'मंजूर' लिहायला गेलो.
तक्त्यात तसा रकाना नव्हता.

झोप येईना, म्हणून तिच्या बेरजा तपासल्या.
एप्रिल बरोबर. मे बरोबर.
जून चुकला.
तीस दिवस, रोज अर्धा, पंधरा व्हायला हवेत,
बाईंनी सोळा धरलेत.
जुन्या साहेबाला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू :
सापडली एक तरी चूक.
चष्मा पुसून बोट ठेवत ठेवत खाली आलो.

नऊ जून, रविवार. दीड.
'पत्तेवाले आपणहून आले. खीर.
चौथा भिडू नव्हता, मी बसले.
तेरा रुपये जिंकले. बारा मिळाले, एक उधार.'

सकाळी टोकेकर दारात :
'झालं का? अकराची ओळ कोरीच दिसते.'
म्हटलं, बसा.
दूध गॅसवर आहे, आणि माझी बेरीज
अजून चाललीय.