हळू गोळीचा साचा

पुण्याहून आलेला माणूस तीन साचे मांडून बसलाय
माझ्या पाटावर, भोपळ्याच्या भुश्श्यात.
कुठला देता, म्हणतो. मी एकच नेणार.
मी चहा सांगते.
मिरजेत आमच्या गल्लीत चहाआधी भाव निघत नाही.

पहिला साचा गोल गोळीचा, बोराएवढ्या.
दुसरा टोकदार, चोचीसारखा.
तिसरा लांब आणि बोथट, करंगळीची दोन पेरं.
हा हातात घेतला की मनगट आधी खाली जातं.

आजोबांनी निवडलेला तो हाच.

नूरुद्दीन शिकलगार, संस्थानच्या शिलेखान्यात कामाला.
तलवारी उजळायचे, चापांना तेल द्यायचे.
त्या साली तबेल्यात शेवंती नावाची घोडी पडली,
पुढचा पाय नळीत मोडलेला.
सालोत्र्यानं मान हलवली.
बाकीच्या अकरा शेजारच्याच ठाणांवर,
त्यांतल्या दोन गाभण.
कारभारी म्हणाले, नूर, गोळी अशी ओत
की पलीकडच्या ठाणाला कळता कामा नये.

मग आजोबा तीन रात्री साच्यांपाशी.
हलकी गोळी पळते, पळताना हवा फाडते,
चाबकासारखा जो कडाका उठतो तो हवेचा.
म्हणून जड पाहिजे. आळशी.
आवाजाच्या मागून चालणारी.
प्रत्येक साच्यातून एकेक ओतली,
सराफाकडून काटा मागून आणला,
तिसरीला पारडं टेकलं ते टेकलंच.

हे मला सांगितलं तेव्हा मी बारा वर्षांची,
घासकागद भिजवत होते.
इथंच थांबले असते
तर हुशार माणसाची गोष्ट झाली असती.

पण पळणारी गोळी, म्हणाले, आवाजाच्या आधी पोचते.
जनावराला ऐकू यायच्या आत सगळं आटोपतं.
माझी हळू होती.
आवाज आधी गेला.
शेवंतीनं कान वळवला.
पापणीच्या कितव्या हिश्शापुरता असेल, मला माहीत नाही,
वळवला. मी पाहिला.

पलीकडची घोडी वैरण खात होती, खातच राहिली.
कारभाऱ्यांनी चांदीचा रुपया दिला.

पुढल्या महिन्यात आजोबा मामांच्या हाताखाली
भोपळे कोरायला बसले.
शिसं पुन्हा वितळवलं नाही, ओळंब्यासाठीसुद्धा.
त्यांच्या हातची जवारी करून घ्यायला
धारवाडहून गवई यायचे, पायरीवर बसून राहायचे.
हाडावर कानस फिरत असताना ते बोलत नसत.
एकदाच कुणाला तरी म्हणाले,
आवाज अडवायला मला तीन रात्री लागल्या,
मोकळा करायला किती लागतात ते मोजतोय.

चहा आला. पुणेकरानं बशीत ओतला, बरं वाटलं.
बोट मात्र तिसऱ्यावरच.
याला वजन आहे, म्हणतो.
मी साचा उघडते. बिजागरी कुरकुरते.
आत काजळी. साचा दिव्यावर धुरवल्याशिवाय
शिसं सुटत नाही, असं म्हणायचे.
कुठल्या दिव्याची, कुठल्या रात्रीची,
अजून ओली असल्यासारखी अंगठ्याला लागते.

पहिला न्या, म्हणते. दुसराही न्या,
एकाच्या पैशात दोन्ही.
तो मनात आकडे लावतो. तयार होतो.
आणि ह्याचं काय करणार?
दाराला लावीन. दुपारी वारा फार येतो.

तो गेला. स्कूटर कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकली.
मग धारवाडच्याच एका तंबोऱ्याला बसले,
त्या गवयांपैकी कुणाच्या तरी नातीचा.
घोडी काल बसवलीय, अजून बंद बोलते.
उचलून पाहिली असणार मी मघाशी,
पांढऱ्या हाडावर अंगठा उठलाय, काळा,
रेघ न् रेघ दिसतेय.

खरज छेडते.
कान जवळ नेते.
कानस अजून उचललेली नाही.