नवतप्यातली खुडूक

रंजूच्या बाळंतपणासाठी वच्छला नागपूरला निघाली,
फाटकातून तिसऱ्यांदा परत आली,
दोन बोटं दाखवून म्हणाली,
"एक, दुपारी बोरे ओले करजा.
दोन, लालीले हात नोका लावजा, ते खुडूक हाय."
ऑटो सुटल्यावर आणखी काहीतरी ओरडली,
ते धुळीत राहिलं.

तीस वर्षं मी माजरीच्या खाणीत पंप चालवला.
जमिनीच्या पोटातलं पाणी उपसून वर फेकायचं,
दिवसाला किती, याचा हिशोब साहेबाकडे.
आता नऊ कोंबड्या, एक कोंबडा,
आणि वाटी-वाटीने पाणी.

कोंबडीला घाम येत नाही,
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.
अकरा वाजले की त्या पंख अंगापासून सोडवून धरतात,
काखेत कुणी थर्मामीटर लावून विसरल्यासारख्या.
चोच उघडी, गळ्याची कातडी थरथर,
कडूनिंबाखाली उभ्या.
कुणी कुणाला टोचत नाही.
भांडायलाही थोडा गारवा लागतो.

कनकी पहाटे पाचला. दुपारी दाणा नाही,
दाणा पोटात आग करतो, असं डोमाजी शेंडे सांगून गेला.
खापरात ताकपाणी, चिमूटभर मीठ.
टिनावर पऱ्हाटी, पऱ्हाटीवर ओला बोरा,
खुराड्याच्या तोंडाला कुलरची जुनी वाळ्याची जाळी.
लाईन गेली की आमचाही कुलर मुका,
मग मीही दुपट्टा भिजवून त्यांच्याच सावलीत.
एक येऊन माझ्या चपलेवर बसली.
अर्धा तास मी पाय हलवला नाही.

लाली मात्र पडवीत, फुटक्या टोपल्यात,
पोटाखाली अकरा अंडी,
एक गोल डोळा माझ्यावर.
सेहेचाळीस डिग्री. ती उठत नाही.
दिवसातून एकदाच उतरते,
पाणी, चार दाणे, धुळीत एक लोळण,
आणि धावत परत,
चुलीवर दूध ठेवून आल्यासारखी.

चौथ्या दिवशी मला झोप लागली.
जाग आली तेव्हा बोरे कोरडे, कडक, पापडासारखे,
आणि काळी कुंपणाशी आडवी.
उचलली तर हाताला चटका,
जिवंतपणी कधी इतकी गरम नव्हती.
डोमाजी म्हणाला, मसाला वाटू का?
मी लिंबाच्या आळ्यात खड्डा केला.
तिथली माती तेवढी ओली होती.

रात्री फोन.
"सगळ्या बऱ्या हायत?"
हो म्हटलं.
"फोन जरा खुराड्यापाशी न्या."
नेला.
कुरकुर, खरखर, कोंबड्याचं खाकरणं.
बराच वेळ ती ऐकत राहिली.
"काळी नाही बोलून राह्यली."
मी गप्प.
"बोरे साडेअकराले ओले करत जा. बारा म्हणजे उशीर होते.
ऑटोतून तेच तं सांगत होती मी."

नवतप्याच्या शेवटच्या दिवशी
लालीच्या पोटाखालून चार डोकी निघाली,
ओली, चिडलेली.
उरलेली सात मी कानाशी धरून हलवली,
आत नुसतं पाणी डुचमळलं.
ती सात उचलताना लालीने मनगटावर रक्त काढलं.
बरोबर केलं.

वच्छलाला सांगितलं, चार.
ती म्हणाली, "चार लय झाले."
आमच्याकडे अजून काही नाही, डॉक्टर म्हणते थांबा,
वार्डात जागा नाही, पायरीवर बसली हाय.
मला दिसली ती:
पदर अंगापासून सोडवून धरलेला,
तोंड किंचित उघडं.
पाणी पिलीस का, विचारलं.
लग्नानंतर पहिल्यांदाच विचारलं असेल.
पलीकडे कुणाचंतरी बाळ जोरात रडलं.
"आपलं नोहे," ती घाईने म्हणाली,
आणि मग, "पिते."

साडेअकरा होत आले होते.
मी बादली उचलली.