निळी वही

विमा कचेरीतली ओयुनबिलेग मोटारसायकलवरून आली
तेव्हा मी घोडीचं दूध घुसळत होते.
तिनं हेल्मेट काढलं, तीनदा शिंकली,
आणि कागदावरचा पहिलाच प्रश्न विचारला:
कायमचा पत्ता?

कुठल्या महिन्यातला, मी म्हटलं.
हिवाळ्यात आम्ही काळ्या खडकाच्या पाठीशी.
शेळ्या वितात तेव्हा ओढ्याच्या वळणावर.
उन्हाळ्यात जिथं माश्या कमी,
आणि शरदात गोंबोजावच्या मनाला येईल तिथं.
रकान्यात जागा बोटभर.
तिनं लिहिलं, काळा खडक.
म्हणाली, हिवाळ्याचाच घालू,
म्हातारपणाचे कागद आहेत.

नवरा बाहेर लगाम शिवत होता.
म्हातारपण? ते काय, चरतंय समोर.
चारशे बारा डोकी.
गुडघे धरले की दोन विकायच्या,
दात पडले की मऊ कोकरू कापायचं.
तुझा पैसा दर वसंतात वितो का?
वितो, ती म्हणाली, पण पिल्लू बारीक असतं.
तो खूप हसला.
वाळलेल्या दह्याच्या वड्या दिल्या तिला पिशवीभर.
सही नाही दिली.

मी दिली.
दुसऱ्या दिवशी, पाण्याला म्हणून गेले तेव्हा,
टेकाडाआड, मोटारसायकलच्या तापल्या सीटवर कागद ठेवून.

मग दर वसंतात शेळ्या विंचरताना
दहा शेळ्यांमागे एक मूठ बाजूला.
माझ्या म्हातारपणाचे महिने
असे मऊ होते, आणि त्यांना शेळीचा वास येई.
व्यापारी वेगळं वजन करताना डोळा मारायचा,
त्याला वाटे मी चोरून रेशीम घेणार.
एका वर्षी घेतलंही. हिरवं.
त्या वर्षीचा हप्ता राहिला.

वही फिरत राहिली.
पिठाच्या डब्यात, लेकीच्या जुन्या बुटात, चहाच्या विटेखाली.
बिऱ्हाड हलायचं तेव्हा गोंबोजावनंच
वर्षातून चारदा ती उंटावर चढवली,
दोर आवळून,
काय चढवतोय हे न कळता.

मग ते साल आलं.
आधी पाऊस, त्यावर थंडी, त्यावर बर्फ.
गवत काचेखाली दिसत होतं.
शेळ्या काच चाटत उभ्या राहिल्या
आणि उभ्याच राहिल्या.
तो एकेक ओढून आणायचा, कुंपणाशी रचायचा,
रचता रचता त्याची भिंत झाली.
चारशे बारातल्या एकोणतीस उरल्या.
बँकेचं कर्ज होतं मेलेल्यांच्या जिवावर.
त्याला काही थंडी बाधली नाही.

एका रात्री विस्तवापाशी मी वही काढली.
त्यानं पानं उलटली, एकेक शिक्का अंगठ्यानं चाचपला,
घोडा घेताना दात बघावेत तसा.
मग विचारलं, माझं नाव?

लोकर एकापुरतीच होती, मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
पण कुणापुरती, हे मी ठरवलं होतं
त्या टेकाडाआड, एका दमात,
आणि नंतर इतक्या वर्षांत एकदाही
ते खोडावंसं वाटलं नव्हतं.

तो बराच वेळ शेणी सारत राहिला.
म्हणजे माझा कळप आता तू, म्हणाला.
हसला.
मग नाही हसला.

आता माझं वय भरलंय.
पैसे तालुक्याच्या गावी जमा होतात, ऐंशी किलोमीटरवर.
पेट्रोल परवडत नाही म्हणून दोन महिन्यांचे एकदम आणतो.
तो चालवतो, मी मागं.
कधी वाऱ्यात ओरडून विचारतो,
मी गेल्यावर कुणाच्या गाडीवर बसशील?
मी हप्त्यांचा हिशेब करत असते,
ऐकू आलं नाही असं दाखवते.

खिडकीतली मुलगी नवी आहे.
दर वेळी वही उघडते आणि विचारते,
आजी, पत्ता तोच ना? काळा खडक?
दोन हिवाळे झाले, तिकडे आम्ही फिरकलो नाही.
हाडं आहेत अजून, कुंपणाशी.
तोच, मी म्हणते,
आणि नोटा दोनदा मोजते.