एकोणचाळीस ग्रॅम

बॅगेत आधीच काय काय आहे:
पेचकस, चिमटा, तारेचं भेंडोळं,
शिशाची सीलं,
मखमली खोबणीत झोपलेली पितळी वजनं,
दोन बनियन, टॉवेल,
सत्वशीलेनं बांधून दिलेल्या दशम्या.
उरते कडेची एक फट,
वीतभर लांब, दोन बोटं रुंद.
तिच्यात काय न्यायचं, एवढाच प्रश्न.

आठवडाभर फिरायचंय.
परभणीहून सकाळच्या पॅसेंजरनं
मानवत रोड, सेलू, परतूर,
जिनिंगवाल्यांचे काटे तपासत.
रात्री लॉजवर फक्त पंखा बोलतो,
तोही एकच वाक्य.

शिवलिंगअप्पांची बासरी दीड हात लांब.
अप्पा सायकलींचे पंक्चर काढायचे,
ट्यूब घमेल्यात दाबून बुडबुडा शोधताना म्हणायचे,
हवा लपत नसते बाबा, फक्त थांबून बघावं लागतं.
तिरपी घातली तरी तिचं टोक चेनबाहेर येतं.
मागच्या वैशाखात तिच्या अंगाला
केसाएवढी चीर गेली.
मी दोरा गुंडाळला, मेण भरलं,
तरी मंद्र पंचमाला ती खोकते.
खोकणाऱ्याला उन्हातान्हात नेऊ नये.

दुसरी प्लास्टिकची, जत्रेतली, गुलाबी.
तिचं तोंड धाकटीनं चावून चावून चपटं केलंय.
तिच्यातून सूर निघत नाही,
हट्ट निघतो.

तिसरा हा पत्र्याचा पावा.
पाथरीच्या बाजारात गफूरचाचा
नरसाळी, चाळण्या, चिमण्या मांडून बसतो,
तुपाच्या डब्याचा पत्रा उलटा वळवून त्यानं केलेला.
डोळा लावून आत पाहिलं
तर खजुराचं अर्धं झाड दिसतं.
'ले जा साब, गिरा तो भी कुछ नै होता.
सुर का मेरेकू मत पूछो.'

मग मी ओट्यावर काटा मांडला.
सत्वशीला चहा गाळता गाळता म्हणाली,
'आता दशम्या बी तोलून नेता का?'
घरात तोललं की भांडणं होतात, असं तिचं मत.
बासरी एकशे चार.
गुलाबी सव्वीस.
पाव्याचा आकडा मात्र ठरेचना,
अडतीस, चाळीस, पुन्हा अडतीस.
पंखा बंद केला. खिडकी लावली.
शेवटी कळलं, मीच फार जवळ वाकलो होतो.
श्वास धरला, तेव्हा काटा थांबला:
एकोणचाळीस.
फुंकायची वस्तू तोलायला
श्वास धरावा लागतो,
वीस वर्षांत हे पहिल्यांदा ध्यानात आलं.

तोच घेतला.
त्याचे दोष माहीत असू देत:
निषाद चढा लागतो.
दुपारी तापला की ओठाला चटका देतो,
म्हणून दशमीच्या ओल्या फडक्यात गुंडाळावा लागतो,
मग पहिल्या फुंकरीला जवसाच्या चटणीची चव येते.
पण बॅगेवर बॅग पडली, आडदांड माणूस बसला,
तरी तो काही बोलत नाही.

सेलूच्या जिनिंगमध्ये काम संपलं, दिवे लागले,
गाडी दोन तास लेट होती.
सरकीच्या ढिगाला टेकून मी वाजवत होतो.
सोनाजी हमाल येऊन उकिडवा बसला,
बराच वेळ ऐकलं, मग विचारलं,
'साहेब, याला सील मारलं का?'
मी म्हटलं, नाही, यात फरक आहे.
'किती?'
थोडा.
'मंग थोडा चालतंय की.'

थोडा चालतंय,
दुपारीच त्याच्या मालकानं
हात जोडून हेच म्हटलं होतं,
आणि मी काटा नापास केला होता.

सोनाजीला मी काही बोललो नाही.
हवेत कापसाचे तंतू तरंगत होते,
एक उडत येऊन दुसऱ्या भोकावर बसला,
सूर थोडा मऊ झाला.
तो काढायला बोट उचललं,
आणि राहू दिलं.